क्रिटिकल काका

आमच्या सोसायटीत कुठलीही गोष्ट थेट बिघडत नाही. आधी काका ती ‘क्रिटिकल’ म्हणून जाहीर करतात, मग तिचा नाइलाज होतो. टाकीतलं पाणी वीतभर उतरलं की ‘पोझिशन क्रिटिकल’. वॉचमन जेवायला गेला की ‘सिक्युरिटी क्रिटिकल’. तळमजल्यावरच्या वहिनींची कामवाली दोन दिवस आली नाही, तेव्हा काका वहिनींना धीर द्यायला गेले. परतले तेव्हा वहिनी रडत होत्या.

काका खरे फुलतात ते हॉस्पिटलात. आयसीयूबाहेर नातेवाइकांआधी ते खुर्ची धरतात. ‘डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे,’ असं पेशंटच्या मुलानं सांगितलं, तर काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘डॉक्टर असं म्हणायला लागले, की आपण समजून घ्यायचं.’

त्यांच्या वडिलांच्या पिढीचं ‘सीरियस’वर भागायचं. शब्दागणिक पैसे मोजून ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ अशी तार यायची आणि अख्खं घर रात्रीच्या एसटीनं गावाकडे निघायचं. २०१३ साली तार बंद झाली, शब्द फुकट झाले. आता कुणी सीरियस आहे म्हटलं तर लोक हातातला चहा संपवून उठतात. क्रिटिकल म्हटलं तर निदान अर्धा कप टाकतात. काकांचा हिशेब चोख आहे.

परवा वार्षिक सभेत काकांनी गच्चीची गळती ‘अत्यंत क्रिटिकल’ ठरवली. तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले शेजारी शांतपणे म्हणाले, ‘अहो, आमच्याकडे क्रिटिकल ही आनंदाची बातमी. ४ ऑगस्ट १९५६ला ट्रॉम्ब्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी क्रिटिकल झाली. आशियातली पहिली! म्हणजे आतली साखळी प्रक्रिया आपल्या बळावर एकसारखी चालू राहिली. भट्टी क्रिटिकल असणं म्हणजे सगळं सुरळीत चालणं.’

सभा हसली. काका मात्र गंभीर झाले.

‘ट्रॉम्बे इथून किती किलोमीटर?’ त्यांनी विचारलं.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : ‘ट्रॉम्बे क्रिटिकल. आतल्या गोटातून कन्फर्म. खिडक्या लावून घ्याव्यात. घाबरू नये.’