अगं बाई, तिचे केस तरंगत नाहीत!

नगरच्या सावेडीतल्या एका घरात म्हणे परवा जेवणं आटोपल्यावर टीव्हीवर 'ग्रॅव्हिटी' सिनेमा लावला आणि अर्ध्या तासात घरात दोन तट पडले. पडद्यावर नायिका अंतराळात गटांगळ्या खातेय, प्राणवायू संपत आलाय, आणि इकडे सोफ्यावरून सूनबाई ओरडतायत, "केस बघा, केस!" सासूबाई चष्मा शोधायला धावल्या, त्यांना वाटलं सीन काहीतरी भलताच असणार. तसलं काही नव्हतं. सँड्रा बुलकचे केस डोक्याला चापून बसलेत, तरंगत नाहीत, एवढाच तिचा अपराध! पुरावा कोणता, तर अंतराळवीर सुनीता विल्यम्स. आठेक दिवसांच्या बोलीवर जून २०२४ मध्ये अंतराळ स्थानकात गेलेल्या सुनीताताई मार्च २०२५ ला परतल्या, आणि मधले नऊ महिने त्यांच्या केसांचा तो पिसारा अख्ख्या महाराष्ट्रानं बातम्यांत पाहिला. आता त्या मापाला उतरल्याशिवाय नगरकर कुठल्याच नटीला कक्षेत पाठवायला तयार नाहीत.

मग आले आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला. जून-जुलै २०२५ मध्ये अठरा दिवस अंतराळ स्थानकात राहिले, सोबत गाजराचा हलवा आणि मूगडाळीचा हलवा. संपलं! मूगडाळीचा हलवा वर गेला म्हटल्यावर अंतराळ हा आपला घरचाच विषय झाला. चितळे रोडवर भाजी घेताना बायका कक्षेचा कल विचारतात, अशी अफवा आहे. अफवा खोटी असेल, पण भाजीवाल्यानं ती नाकारलेली नाही.

मग घरोघरचे चिकित्सक सिनेमातल्या चुका काढायला बसले. यातली पहिली भानगड आवाजाची. लष्कराच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की खिडक्या थरथरणारं हे गाव. स्फोट म्हणजे धडाम्, ही इथली बाळकडूतली शिकवण. त्यामुळे निर्वात पोकळीत आवाज नसतो हे ज्याला नव्यानं कळतं, तो ते सगळ्या गल्लीला ऐकवतो. गंमत अशी, की 'ग्रॅव्हिटी'वाल्या अल्फोन्सो क्वारोननं हे पथ्य नेमकं पाळलंय. बाहेर सगळं फुटतंय आणि स्फोटाचा आवाज नाही. हातमोज्यातून, सूटमधून जी थरथर येईल तेवढीच, वर पार्श्वसंगीत. म्हणजे आरोपपत्र तयार आणि आरोपी निर्दोष. तरी लोक तो आरोप ठेवतातच, कारण तो सगळ्यात सोपा.

दुसरी भानगड जरा नाजूक. नायिका यानात शिरते, अवजड सूट उतरवते आणि आत काय, तर बनियन आणि तोकडी चड्डी! इथं बुजुर्गांनी मान वळवली आणि चिकित्सकांनी ती ताठ केली. कारण खऱ्या सूटच्या आत अंगभर एक तंग पोशाख असतो, त्यात नव्वदेक मीटर लांबीच्या बारीक नळ्या शिवलेल्या, त्यांतून गार पाणी फिरतं. आणि त्याच्याही आत, माफ करा, मोठ्या माणसांचा लंगोट, म्हणजे डायपर. सहा-सात तास बाहेर लोंबकळायचं तर दुसरं काय करणार? वास्तववादाचा आग्रह धरणाऱ्या मंडळींनी हा लंगोट पडद्यावर दाखवाच अशी मागणी केल्यापासून घरोघरी शांतता आहे.

अश्रूंचं प्रकरण तर हृदयद्रावक. नायिका रडते आणि तिचा अश्रू गोल होऊन सुटतो, तरंगत आपल्याकडे येतो. प्रेक्षक विरघळले. मात्र कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांनी खुद्द स्थानकात डोळ्यात पाणी सोडून दाखवलंय: पाणी डोळ्यालाच गोळा होऊन चिकटतं, गळत नाही, सुटत तर मुळीच नाही. मी मात्र या एका ठिकाणी क्वारोनच्या बाजूनं. डोळ्यावर पाण्याचा लोंबता गोळा घेऊन कुठली नटी ऑस्करच्या यादीत गेली असती?

आणि आता खरं लफडं. हे सगळं ज्ञान पाजळून झाल्यावर तेच चिकित्सक शेवटी ठामपणे सांगतात, "कारण वर गुरुत्वाकर्षणच नाही ना!" अरे देवा. चारशे किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के असते. नगरच्या काट्यावर साठ किलो भरणारा गडी तेवढ्या उंच शिडीवर चढवून उभा केला, तर तिथंही तो त्रेपन्न किलो भरेल आणि पाय घसरला तर थेट खाली येईल. स्थानकातली माणसं तरंगतात ती सतत पडत असतात म्हणून. सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेगानं आडवं जात पडायचं, की जमीन खाली वळत जाते आणि गाठ काही पडत नाही. माणूस, हलवा, केस सगळेच एका वेगानं पडतायत, म्हणून कुणाचं कुणाला वजन नाही. सिनेमाचं नाव 'ग्रॅव्हिटी', आणि त्यात चुका शोधणाऱ्यांना ती वर आहे हेच ठाऊक नाही!

हे कळलं की नायिकेचा सहकारी झालेल्या जॉर्ज क्लूनीच्या बलिदानाचंही पितळ उघडं पडतं. दोरी ताणलेली आहे, दोघं थांबलेत, आणि तो दोरी सोडून 'खाली' जातो. खाली कुठं? सगळेच सोबत पडताहेत, तर त्याला ओढतंय कोण? हलका हिसका दिला असता तर तो अलगद तिच्याकडे आला असता. हा प्रश्न आणि ते केस, दोन्ही अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी २०१३ मध्येच ट्विटरवर चव्हाट्यावर आणले होते. सावेडीत यायला बारा वर्षं लागली, इतकंच. वर टायसन यांनी सिनेमा फार आवडल्याचंही सांगितलं होतं, पण ती बातमी वाटेत कुठंतरी गळाली.

सगळ्यात मोठी थाप सावेडीत कुणाच्याच तोंडी नाही, आणि ती नगरच्या गच्चीवरून उघड्या डोळ्यांनी पकडता येते. सिनेमात हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानक आणि तिथून चिनी स्थानक, असा शेजारी वाटीभर साखर मागायला जावं तसा प्रवास. प्रत्यक्षात हबलची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंश कललेली, स्थानकाची ५१.६, चिनी 'तिआनगाँग'ची साडेएक्केचाळीस. संध्याकाळी आभाळ निरभ्र असेल आणि वेळ जुळली तर तिन्ही नगरवरून जाताना दिसतात: स्थानक लखलखीत, तिरकं चाललेलं, हबल बारीकसं, बरंच पश्चिमेकडून पूर्वेकडं, आणि स्थानकापेक्षा उंचावरून. हबल सोडून स्थानक गाठायचं तर नुसती दिशा वळवायलाच वेगात सेकंदाला तीनेक किलोमीटरचा फरक पाडावा लागतो. नासानं १९८४ मध्ये वापरलेल्या, पाठीवर बांधायच्या खऱ्या उड्डाणयंत्रात सगळा वायू संपवला तरी फरक पडायचा सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास. सिनेमात तसंच यंत्र बांधलेला क्लूनी मात्र गाणी ऐकत, फेऱ्या मारत, इंधन उधळत गेला. त्याला कुणी काही बोललं नाही, कारण तो देखणा आहे.

उलट जे खोटं वाटलं ते खरं निघालं. रशिया स्वतःचाच जुना उपग्रह क्षेपणास्त्रानं उडवतो, कचरा दर नव्वद मिनिटांनी परत अंगावर येतो... "काय पण कथा!" १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियानं नेमकं हेच केलं आणि स्थानकातल्या सात जणांना आपापल्या यानात जाऊन दडावं लागलं. कचऱ्याच्या वाटेशी गाठ पडत होती दर दीड तासानं. आणि आपल्याकडे? २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आकाशात पेटत्या रेघा ओढत चिनी रॉकेटचे अवशेष आले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीत धातूचं कडं पडलं. सिनेमात दाखवलं असतं तर आमच्याच लोकांनी पटकथा भंपक ठरवली असती.

आपल्या हिंदी सिनेमातल्या 'मिशन मंगल'बद्दल थोडक्यात. त्यातली शास्त्रज्ञ तारा शिंदे गॅस बंद करून तापल्या तेलात पुऱ्या तळते आणि त्याच युक्तीनं मंगळयानाचं इंधन वाचवते. कक्षा टप्प्याटप्प्यानं वाढवत नेल्या हे खरं. पण नगरच्या गृहिणींचा निकाल वेगळा आहे: तेल निवलं की पुऱ्या तेल पितात, गॅस वाचतो आणि तेलाचा डबा संपतो. इस्रोनं यावर खुलासा केलेला नाही.

राहता राहिला 'द चॅलेंज'. रशियनांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये युलिया पेरेसिल्ड ही नटी आणि क्लिम शिपेंको हा दिग्दर्शक खरोखरच स्थानकात धाडले. बारा दिवस चित्रीकरण केलं, अंतराळवीर ओलेग नोवित्स्कीलाच पडद्यावरचा रुग्ण केलं आणि २०२३ मध्ये सिनेमा लावला. केस खरे, तरंगणं खरं, खिडकीतली पृथ्वी खरी. मी चौकशी केली, चिकित्सकांपैकी एकानंही तो पाहिलेला नाही. चूक काढता येणार नसेल तर पावणेतीन तास बसून करायचं काय? केडगावातल्या एका पठ्ठ्यानं मात्र हिंमत सोडलेली नाही. सिनेमात अंतराळात शस्त्रक्रिया आहे असं त्याच्या कानावर आलंय, आणि सध्या तो रशियन समजणाऱ्या सर्जनच्या शोधात आहे.