बंदूक आणि वरात

१८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. नेटिवाला बंदूक हवी तर परवाना, गोऱ्याला मात्र सूट. हा सल आपल्या पुढाऱ्यांना इतका खुपत होता, की १९३१च्या कराची अधिवेशनात, अहिंसेच्या ऐन बहरात, काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. नियमांच्या अधीन, अर्थात, काँग्रेसच ती.

मग राज्य आपलं आलं. डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामतांनी घटना समितीत कराचीची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, दुरुस्ती पडली. १९५९च्या नव्या कायद्यात गोऱ्यांची सूट गेली (गोरेही गेले होते), परवाना राहिला.

आता अर्जात कारण लिहायचं ‘आत्मसंरक्षण’. जिवाला धोका आहे हे साहेबाला पटवायला चपला झिजवायच्या. एवढं करून बंदूक मिळाली की निवडणूक लागते आणि पोलीस ठाण्यातून निरोप येतो: हत्यार जमा करा. म्हणजे गावात डोकी फुटण्याची शक्यता सर्वाधिक, तेव्हा आत्मसंरक्षण ठाण्याच्या कपाटात!

उत्तरेकडे या बंदुकीचा खरा हंगाम लग्नसराईचा. २०१९ची दुरुस्ती म्हणते, आनंदाच्या भरात गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम बँडवाल्याच्या बिलाशेजारी सहज खपून जाईल.