गडी संपला!

बीड जिल्ह्यातल्या चहाच्या हॉटेलांत एक गृहस्थ हमखास आढळतात. भर उमेदीतल्या वा उताराला लागलेल्या मोठ्या खेळाडूची कारकीर्द संपल्याचे जाहीर करणे हे त्यांचे काम. सगळे त्यांना बाप्पा म्हणतात. वय ४५ ते ६५च्या दरम्यान. पांढरा शर्ट, खिशात चुन्याची डबी, मांडीवर कालचा पेपर. उत्पन्नाचे साधन नेमके सांगता येत नाही: थोडी कोरडवाहू जमीन, भाड्याने दिलेला एखादा गाळा किंवा पेन्शन. तालुक्याच्या गावी एक आणि बीड शहरात चौकागणिक एक, असा त्यांचा साधारण प्रसार आहे. गेवराईचे बाप्पा आणि अंबाजोगाईचे बाप्पा एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांचा निकाल एकाच षटकात लागतो.

चांगला खेळणारा खेळाडू हा बाप्पांचा विषयच नव्हे. नव्या पोराने शतक ठोकले, तर ते ‘बरं खेळला’ म्हणून पान उलटतात. त्यांना हवा असतो नावाजलेला, भरपूर धावा केलेला आणि सध्या चाचपडणारा फलंदाज. अशा माणसाला ते तीन डावांची मुदत देतात. चौथ्या डावात तो लवकर बाद झाला की चहाचा ग्लास खाली ठेवून, आवाज न चढवता म्हणतात, “गडी संपला.” मुदतीच्या बाबतीतली ही घाई बीडच्या माणसाला शोभत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि बीडच्या स्थानकावरून अहिल्यानगरची गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे बाप्पांनी रेल्वेला संपली म्हटले नाही. ती सुरूच झाली नव्हती, एवढेच काय ते कारण.

या जातीच्या अभ्यासासाठी २०२४-२५चा हंगाम सर्वांत उपयोगी आहे, कारण त्या हंगामात विषय होता रोहित शर्मा. जून २०२४ मध्ये त्याने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आणला, तेव्हा बाप्पांनीही पेढा खाल्ला होता. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडचा संघ आला. बंगळुरूत भारत ४६ धावांत गारद झाला आणि रोहितच्या २ आणि ५२ धावा झाल्या. पुण्यात ० आणि ८, मुंबईत १८ आणि ११. सहा डावांत ९१ धावा, आणि मालिका ३-० अशी गेली. बंगळुरूचे ते अर्धशतक बाप्पांना अडचणीचे होते. त्यांनी ते मुदतीतून वगळले.

पुढे ऑस्ट्रेलियाचा दौरा आला. दुसऱ्या बाळाच्या जन्मामुळे रोहित पर्थच्या कसोटीत नव्हता आणि भारताने तो सामना २९५ धावांनी जिंकला. बाप्पांना याहून मोठा पुरावा कोणी दिला नव्हता. ॲडलेडला तो सलामी सोडून सहाव्या क्रमांकावर आला. ३ आणि ६. ब्रिस्बेनला १०. मेलबर्नला पुन्हा सलामीला. ३ आणि ९. पाच डावांत ३१ धावा. मेलबर्नचा खेळ आपल्याकडे पहाटे ५ला सुरू होतो. डिसेंबरच्या थंडीत कानटोपी घालून पाचच्या आत हॉटेलात येणारा माणूस खेळाडूवर रागावलेला असतो असे समजणे चूक आहे. इतक्या पहाटे माणूस फक्त प्रेमाने किंवा एस.टी.साठी उठतो.

बाप्पांची तपासणीची पद्धत तीन मुद्द्यांवर चालते: पाय, पोट आणि वय. ‘पाय हलंना’ हा पहिला मुद्दा. तो पडद्यावर दिसो न दिसो, मांडता येतो. पोटाचा मुद्दा बाप्पा स्वतःच्या पोटावर वर्तमानपत्र ठेवून मांडतात. वयाच्या मुद्द्यावर मात्र त्यांची पंचाईत होते. रोहितचा जन्म १९८७चा. म्हणजे त्याला म्हातारा म्हटले की समोर बसलेला निम्मा श्रोतृवर्ग दुखावतो. म्हणून ते ‘खेळाडूचं वय येगळं असतं’ अशी पुरवणी जोडतात. तंत्राच्या तपशिलात ते फारसे शिरत नाहीत. पॅट कमिन्सचा चेंडू आत आला की बाहेर गेला, यावर वाद झाला तर त्यांचे उत्तर ठरलेले असते: “आला कुठूनबी असंल, हा गेला की न्हाई?”

प्रत्येक बाप्पांसमोर एक गुरुजी असतात. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले किंवा व्हायला आलेले. ते पाठीराखे. त्यांचा पुरावा नेहमी जुन्या तारखेचा असतो. ईडन गार्डन्सवरच्या २६४ धावा (१३ नोव्हेंबर २०१४) आणि २०१९च्या विश्वचषकातली पाच शतके ते दर चर्चेत नव्याने सादर करतात. चालू मालिकेतला आकडा कोणी काढला, की ‘वर्ग कायम असतो’ एवढे म्हणून ते चष्मा पुसतात. बाप्पांची अडचण गुरुजींनाच ठाऊक आहे. रोहित संपल्याचे बाप्पांनी पहिल्यांदा जाहीर केले ते २०१२ साली. श्रीलंकेतल्या पाच एकदिवसीय सामन्यांत त्याने मिळून १३ धावा केल्या, तेव्हा. त्यानंतर तो सलामीला आला आणि एकदिवसीय सामन्यांत त्याने तीन द्विशतके केली. गुरुजी ही आठवण काढतात. बाप्पा म्हणतात, “तवा संपलाच होता. पुन्हा सुरू झाला, त्याला मी काय करू?” तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे.

दोघांच्या मध्ये मोबाइल घेतलेला एक पोरगा बसतो. एम.पी.एस.सी.चा अभ्यास करतो, असे घरी सांगितलेले असते. तो सरासरी, स्ट्राइक रेट आणि डावखुऱ्या गोलंदाजांविरुद्धची कामगिरी वाचून दाखवतो. दोन्ही पक्ष आपल्याला सोयीचा आकडा ऐकतात आणि गैरसोयीचा आला की त्याला ‘नेट नीट चालंना’ म्हणतात. वादात त्याचे मत विचारले जात नाही. आकडे सांगणाऱ्याला मत असते ही कल्पनाच तिथे रूढ नाही.

या सगळ्यांत ज्याचे बोलणे ऐकण्यासारखे असते, तो ऊसतोडीचा मुकादम. बीडमधून दरवर्षी लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. त्याआधी मुकादम मजुरांना उचल वाटतो, म्हणजे हंगामाच्या कामापोटी आगाऊ पैसे. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. उचल जोडीवर ठरते आणि फिटते ती तोडलेल्या टनांवर. आयुष्यभर हाच हिशेब केलेल्या माणसाला कसोटी क्रिकेट समजावून सांगावे लागत नाही. न्यूझीलंडची मालिका चालू असताना मुकादम अजून गावातच होता. त्याने विचारले, “उचल किती घेतली? टनेज किती पडलं?” केंद्रीय करारातल्या सर्वांत वरच्या श्रेणीला तेव्हा वर्षाला ७ कोटी रुपये मिळत, ते पोरग्याने वाचून दाखवले. मुकादमाने पुढे काही विचारले नाही.

डिसेंबरात तो कारखान्यावर होता, तरी फोनवरून हजर असे. मेलबर्नला यशस्वी जैस्वालने ८२ आणि ८४ धावा केल्या आणि त्याच्या जोडीला आलेल्या रोहितने ३ आणि ९. मुकादमाने फडातून निकाल दिला: “सलामीचा अर्धाच कोयता चालायलाय.” समालोचन कक्षात बसलेल्या माजी कर्णधारांनी त्या आठवड्यात बरेच काही सांगितले, यापेक्षा थोडक्यात कोणी सांगितले नाही. तोच मुकादम पुढे असेही म्हणाला, की एका हंगामात उचल फिटली नाही म्हणून मजूर कोणी सोडत नसतो, बाकी पुढच्या हंगामावर जाते. गुरुजींनी हा भाग दोनदा ऐकला. बाकी पुढे गेली म्हणजे मजुराचे काय होते, हे त्या हॉटेलातल्या बऱ्याच जणांना घरूनच माहीत होते. त्यावर चर्चा झाली नाही.

जानेवारीत सिडनीच्या कसोटीतून रोहित स्वतः बाहेर बसला. त्याच महिन्यात तो मुंबईकडून रणजी खेळायला उतरला आणि जम्मू-काश्मीरविरुद्ध ३ व २८ धावा करून परतला. बाप्पांनी प्रकरण बंद केले. ९ फेब्रुवारीला त्याने कटकला इंग्लंडविरुद्ध ९० चेंडूंत ११९ धावा केल्या. ९ मार्चला दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ धावा केल्या, सामनावीर ठरला आणि करंडक घेऊन आला. अशा वेळी बाप्पा तोंड लपवतील असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. ते नेहमीच्या वेळी येतात, नेहमीच्या बाकावर बसतात आणि विचारतात, “वन-डेचं कोण बोलायलं होतं? मी कसोटीचं म्हणलो होतो.” क्रिकेटचे तीन प्रकार झाल्याचा सर्वाधिक फायदा मंडळाला झाला असे मानले जाते, बाप्पांचा फायदा मोजला गेलेला नाही.

बाप्पांच्या कायद्याला एक अपवाद आहे: जिल्ह्यातला माणूस कधीही संपत नाही. संजय बांगर यांचा जन्म बीडचा. २००२च्या ऑगस्टमध्ये हेडिंग्लेला त्यांनी ढगाळ हवेत २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या. मग द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांनी शतके केली आणि भारत एक डाव ४६ धावांनी जिंकला. त्या विजयाचे श्रेय कोणाला, याबद्दल बीडमध्ये दुमत नाही. दुसऱ्या कोणी इतके चेंडू खाल्ले असते तर बाप्पांनी त्याला तिसऱ्या तासाला निकालात काढले असते. इथे ते ‘संयम’ म्हणतात. बांगर यांची कसोटी कारकीर्द १२ सामन्यांची आणि साधारण एका वर्षाची. ते संपले नाहीत, त्यांना ‘खेळवलं न्हाई’. ते देशांतर्गत क्रिकेट रेल्वेकडून खेळले. ज्या गावाला रेल्वे नव्हती, त्या गावचा कसोटीपटू रेल्वेचा होता, हे बाप्पा अभिमानाने सांगतात आणि त्यात विनोद आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

हाच न्याय आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. महिन्याभराने त्याच पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत तो ११वा आला. बाप्पा त्या रात्री एवढेच म्हणाले, की पुढचे दहा कोण होते ते बघा, त्यातला एक तरी दुष्काळी भागातला आहे का. त्यांतले काही केनिया-इथिओपियाचे असल्याचे पोरग्याने सांगितले, तेव्हा विषय बदलला. बीडचाच सचिन धस २०२४च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ वरून ९६ धावा काढून गेला. त्याला लहानपणी मैदानावर पाहिल्याचे सांगणाऱ्यांची संख्या तेव्हापासून वाढती आहे. त्यांत बाप्पा आहेतच.

या जातीवर खरे संकट येते ते खेळाडू अपयशी ठरल्यावर नव्हे, तर निवृत्त झाल्यावर. ७ मे २०२५ रोजी रोहितने कसोटीतून निवृत्ती घेतली: ६७ सामने, ४३०१ धावा, १२ शतके. जे बाप्पा पाच महिने हेच मागत होते, ते त्या संध्याकाळी म्हणाले, “घालवलं त्याला.” गुरुजी हो म्हणाले. दोघांचे एकमत झाल्याने चर्चा दहा मिनिटांत आटोपली आणि हॉटेलवाल्याचे दूध उरले. पाच दिवसांनी, १२ मे रोजी विराट कोहलीही कसोटीतून बाहेर पडला. एका आठवड्यात दोन चालती प्रकरणे हातची गेली. पुढे इंग्लंडमध्ये शुभमन गिलने मालिकेत ७५४ धावा केल्या. त्या दौऱ्यात बाप्पा फारसे दिसले नाहीत; पेरणीची कामे होती, असे सांगण्यात आले.

रोहितबाबत मात्र त्यांना शेवटचा लाभ व्हायचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदिवसीय संघाचे कर्णधारपद त्याच्याकडून गिलकडे गेले. महिना संपण्याआधी, २५ तारखेला, सिडनीत त्याने नाबाद १२१ धावा केल्या आणि ३८व्या वर्षी एकदिवसीय क्रमवारीत पहिल्यांदाच अव्वल ठरला. बाप्पांनी याचा अर्थ लावला तो असा, की या माणसाला डिवचल्याशिवाय खेळता येत नाही आणि डिवचण्याचे काम कोणी तरी करावेच लागते.

दरम्यान नवा विषय मिळाला होता: सूर्यकुमार यादव. टी-ट्वेंटीचा कर्णधार, त्या वर्षी स्वतःच्या धावा आटलेल्या, आणि संघ मात्र जिंकतोय. २८ सप्टेंबरला त्याच्या संघाने आशिया चषकही जिंकला. बाप्पांच्या पायापोटाच्या तपासणीत हे बसेना. दसरा चार दिवसांवर होता, त्यामुळे मुकादम गावात होता. त्याने सांगितले, की मुकादमाने स्वतः ऊस तोडायचा नसतो. टोळीने तोडला म्हणजे झाले. गुरुजींनी मान डोलावली. बाप्पांनी मुकादमाला त्याचे कमिशन किती, ते विचारले.