बंदूक ठाण्यात, वानर आंब्यात

इंग्लंडात 12 ऑगस्टला ग्राऊज नावाच्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. साहेब ट्वीडचे कोट चढवून माळावर उभे राहतात, हाकेवाले पक्षी उठवतात, बार उडतात, आणि शिकवून तयार केलेले कुत्रे पडलेला पक्षी दाताची खूण न उमटवता मालकाच्या हातात आणून देतात. आमच्या रत्नागिरीत 12 ऑगस्टला घराबाहेर काढलेली कुठलीही वस्तू बुरसते, कोट तर पहिला. पण म्हणून आम्हाला कमी समजू नये. बंदुका आहेत, कुत्रे आहेत, हाकेवाले घरोघर आहेत आणि सावज तर इतकं मुबलक की तेच आपला पत्ता विचारत येतं. नाही ती फक्त शिकार. ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. बाकीचा सरंजाम आम्ही नेमाने चालू ठेवला आहे.

पावसजवळ आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, हापूसची बाग आहे आणि माजघरात एकनळी बंदूक. आजोबांच्या काळात तिने भेकरं, ससे, डुकरं लोळवली म्हणतात. म्हणणारे मुख्यतः आजोबाच होते. आता तिच्या परवान्यावर ‘शेती संरक्षण’ असं कारण लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात अण्णाच तिचं संरक्षण करतात. तेल लावायचं, नळीत गज फिरवायचा, नूतनीकरणाची वेळ आली की कागद घेऊन रत्नागिरीला चकरा मारायच्या. एवढी सेवा त्यांनी काकूची केली असती तर, असं काकूच म्हणते.

बंदूक चालवायला वाव नाही असं नाही. उभ्या पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायला त्याच कायद्याच्या कलम 11 खाली लेखी परवानगी मिळू शकते. पण अर्ज, पंचनामा आणि शेरा होईपर्यंत डुकराने जागेवर थांबावं अशी तरतूद कलमात राहून गेली आहे. वानराला तर एका बाजूने कायदा राखतो आणि दुसऱ्या बाजूने मारुती. शनिवारी ज्याला तेल वाहायचं, त्याच्या भावकीवर रविवारी छर्रे कोण झाडणार? अण्णा फार तर आकाशात एक बार काढतात. वानरं मान वर करून छर्रे कुठे गेले ते बघतात.

तेही सुख पाच वर्षांतून एकदा जातं. लोकसभेची आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची. आणि लोकसभा येते कधी, तर ऐन आंब्यात. 2024 चं घ्या. 16 मार्चला आचारसंहिता लागली, 7 मे रोजी आमचं मतदान झालं आणि 4 जूनला मोजणी. म्हणजे कैरीचा आंबा होऊन, पेटीत बसून, वाशीच्या बाजारात उतरेपर्यंत बंदूक सरकारी पाहुणचारात. 2014 आणि 2019 लाही तोच मुहूर्त. वानरांना मताचा अधिकार नाही, पण आचारसंहितेची तारीख आयोगाच्या खालोखाल त्यांनाच आधी कळते.

मग भिस्त कुत्र्यांवर. बागेत दोन गावठी कुत्रे आणि त्यांच्या दिमतीला एक नेपाळी राखणदार. राखणदार डबा बडवतो, सुतळी बॉम्ब लावतो. कुत्रे वानराच्या मागे कलमापर्यंत धावतात आणि वर बघून भुंकतात. वानर खालच्या फांदीवर येऊन बसतं, लांबलचक शेपूट कुत्र्याच्या नाकासमोर सोडतं, आंब्याचा एक चावा घेतं, तोंड वाकडं करून आंबा टाकतं आणि दुसरा तोडतं. सुतळी बॉम्ब वाजला की वानर अर्ध्या फांदीने सरकतं आणि दोन्ही कुत्रे खाटेखाली जातात. कुत्र्यांची पाळी दिवेलागणीला संपते. रात्री बिबट्या फिरतो आणि त्याच्या आवडीनिवडी त्यांना ठाऊक आहेत.

हे सगळं सुधारण्यासाठी माझा चुलतभाऊ मुंबईहून लॅब्राडोर घेऊन आला. ब्रूनो. घराणं शिकारी कुत्र्यांचं. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांना गार पाण्यातून मासे काढून देणाऱ्यांचे वंशज वगैरे माहिती त्याने ओटीवर बसून दिली. अण्णांनी लहानपणी कॉर्बेट वाचलेला. ते म्हणाले, “कॉर्बेटचा रॉबिन पंधरा रुपयांचा होता. ह्याचे किती मोजलेस?” चुलतभाऊ पाणी प्यायला आत गेला.

ब्रूनो वानरांवर भुंकला नाही. शेपटी हलवत कलमाखाली बसला. वरून एक आंबा पडला, तो त्याने अलगद तोंडात धरला, अण्णांसमोर नेऊन ठेवला आणि पुढच्याची वाट बघू लागला. अण्णांनी आंबा उजेडात फिरवून पाहिला. देठाकडे वानराचा चावा होता, ब्रूनोचा मात्र एकही दात लागलेला नव्हता. लाळ पुसली की माल कॅनिंगला द्यायला हरकत नव्हती.

हंगामभर हे चाललं. फक्त ब्रूनोला गडगा हा प्रकार कळत नसे. शेजारच्या तात्यांच्या कलमांखालचेही आंबे तो तितक्याच अदबीने आणून अण्णांच्या खळ्यात मांडायचा. एक दिवस तात्या गडग्यापाशी उभे राहिले.

“अण्णा, तुझा कुत्रा चोर आहे.”

“चोर कसला? साहेबाच्या देशात ह्याला बक्षीस देतात.”

“मग साहेबाच्या देशात ने. माझे आंबे दे.”

शेवटी दोघांनी आजोबांच्या शिकारीतली वाटणी लावायचं ठरवलं. तिथे सावज पाडणाऱ्याचा वाटा मोठा, मग हाकेवाल्यांचा, मग कुत्र्याचा. ब्रूनोला एक आंबा लगेच मिळाला, तोही त्याने आणून परत अण्णांच्याच हातात दिला. अडलं ते पहिल्या वाट्यापाशी. आंबा पाडणारं वानर, आणि त्याने आपला वाटा झाडावरच खाल्लेला. उरले दोघे हाकेवाले, तेव्हा जास्त ओरडला कोण यावर अण्णा आणि तात्या संध्याकाळपर्यंत ओरडत होते.