पेटला का?

गळीत हंगाम सुरू झाला की अंधार पडल्यावर ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर जीव मुठीत धरूनच गाडी चालवावी लागते. समोरून येणारा ट्रॅक्टर लांबूनच कळतो. डेकवर गाणी, टपावर रंगीत पट्ट्या, बंपरवर डोळे दिपवणारे एलईडी. तो शेजारून गेला की मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीच्या पाठीला मिट्ट काळोख. पुढच्या उजेडावर जितका खर्च झाला, त्याचा चौथा हिस्साही मागे गेलेला नसतो. माझा राग आहे तो याच गोष्टीवर.

हिशेब सोपा आहे. मोटारसायकल ताशी 60 किलोमीटरने येतेय, भरलेला ट्रॅक्टर 15 ने चाललाय. दोघांमधलं अंतर सेकंदाला साडेबारा मीटरने तुटतं. समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोतात ट्रॉली 25 मीटरवर दिसली, तर हातात उरतात दोन सेकंद. त्यातला एक ब्रेककडे बोट जाईपर्यंत संपतो. तेच ट्रॉलीमागचा लाल दिवा दोनशे मीटरवरून दिसला असता तर सोळा सेकंद मिळाले असते. मरण आणि घर यांत कधीकधी एवढंच अंतर असतं.

मग दिवे का नसतात? हंगामाच्या पहिल्या दिवशी असतातही. पण रिकामी ट्रॉली फडात सोडायची, भरलेली जोडायची, हे रोजचं काम. दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळली असेल, तर तो जोड किती दिवस टिकणार? एका वळणावर वायर ताणली जाते, तुटते, हुकाशी लोंबकळत राहते. ड्रायव्हरला पत्ताही नसतो. पुढचा दिवा गेला तर त्यालाच रस्ता दिसत नाही, तो लगेच दुरुस्त होतो. मागचा दिवा त्याला कधी दिसतच नाही.

यावर उपाय आहे आणि तो गावातला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन करून देईल. त्याच्याकडून करून घ्या. ट्रॅक्टरला सात पिनांचं सॉकेट बसवा, प्रत्येक ट्रॉलीला त्याचा प्लग. ट्रॉली बदलली की प्लग काढायचा, दुसरा लावायचा. वायर हुकाजवळ थोडी सैल ठेवायची, म्हणजे वळणावर ताण येत नाही.

अर्थिंगची वायर वेगळी ओढा. हुकाच्या लोखंडातून अर्थ मिळतो असं समजून ती वाचवली जाते. पण पिनेवर ग्रीस, खाली गंज, वर रंग. तिथून करंट नीट परतत नाही. दिवे मिणमिणतात आणि बल्ब मात्र उगाच बदलले जातात.

ब्रेकच्या जुन्या वायरीवर सगळा भार टाकू नका. ब्रेकचा साधा बल्ब 21 वॅटचा. ट्रॅक्टरचे दोन, दोन ट्रॉल्यांचे चार, मिळून 126 वॅट. 12 व्होल्टवर साडेदहा अँपिअर झाले. ट्रॅक्टरच्या बारीक वायरी आणि ब्रेकचा स्विच एवढ्यासाठी केलेले नसतात. रिले बसवा, बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर आणा, जुन्या वायरीने फक्त रिले चालू करा. ट्रॉलीला एलईडी घेतलेत तर भार कितीतरी कमी होतो. फक्त ते 12 व्होल्टचे आहेत ना, हे पाहून घ्या. ट्रकसाठीचे 24 व्होल्टचे दिवे ट्रॅक्टरवर अंधूक पेटतात.

एवढं करूनही एक गोष्ट उरते. उसाची टोकं ट्रॉलीच्या फळक्याबाहेर येतात आणि खालचे दिवे झाकतात. म्हणून दिवे एका पट्टीवर बसवून, लांब वायर देऊन ती पट्टी उसाच्याही मागे बांधावी. बाजूला रिफ्लेक्टर, आणि त्यांवरचा चिखल रोज पुसलेला.

मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर केंद्रीय मोटार वाहन नियमांत 1989 पासून आहेत. पण रस्त्यावर दंडाची पावती फाडून हा प्रश्न सुटणार नाही. प्रत्येक ट्रॉली एका जागी थांबतेच, ती म्हणजे कारखान्याचा काटा. तिथे उसाचं वजन मोजलं जातं. तिथेच एक माणूस उभा करा. दिवे पेटत नसतील तर पुढच्या खेपेआधी ते दुरुस्त झालेच पाहिजेत, आणि त्यासाठी वायरमन कारखान्यानेच काट्याजवळ बसवावा. रात्रंदिवस पळणाऱ्या ड्रायव्हरवर सगळं ढकलून मालकाला आणि संचालक मंडळाला मोकळं होता येणार नाही.

कारण मागचा दिवा तपासणं हे एकट्याचं काम नाही. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे जाऊन पाहायचं. ड्रायव्हरने विचारायचं, ‘पेटला का?’ मागून ‘पेटला!’ अशी हाक आल्याशिवाय ट्रॉली फडातून हलता कामा नये.