इंदूरचा समुद्रपालक

होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत जे नाना छंदिष्ट आढळतात, त्यांतील सर्वांत खर्चिक व सर्वांत निरुपद्रवी प्रकार म्हणजे समुद्रपालक, अर्थात समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर माळव्याच्या पठारावर राहूनही दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्याचा व प्रवाळांचा संसार, म्हणजे रीफ टँक, थाटणारा गृहस्थ. तो बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि ताळेबंद जुळवण्याची त्याची हौस पुरती फिटलेली नसते.

त्याचे खरे स्वरूप पाण्याच्या व्यवहारात प्रकट होते. नर्मदेचे पाणी जलूद येथून सुमारे 70 किलोमीटर नळांतून, विंध्याची चढण चढवून, 1978 पासून शहरात आणले जाते. ते आले की घरातील इतर माणसे पिंप भरतात, समुद्रपालक मात्र ते आर.ओ. यंत्राच्या, म्हणजे विरघळलेले क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या, साहाय्याने जवळजवळ निःक्षार करतो आणि लगोलग त्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम विकतचे समुद्री मीठ कालवतो. जी नर्मदा भरूचच्या पुढे खंबातच्या आखातात आपोआप खारट होणार आहे, तिला एवढे सव्यापसव्य करून रामबागेतील तिसऱ्या मजल्यावर खारट करण्याने काय साधले, हा त्याच्या पत्नीचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पेटीतील पाणी 26 अंशांवर राखण्यासाठी चिलर येतो. कुटुंब जुन्या कूलरपुढेच बसते.

हा खटाटोप ज्याच्यासाठी, तो गोबिऑडॉन प्रजातीचा पिवळाधमक गोबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो. कोकणात खाजणाच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटीच्या दूरच्या भाऊबंदांतला हा मासा. परंतु निवटी कालवणात पडते, तर याच्या अंगावर खवल्यांऐवजी विषारी बुळबुळीत थर असल्याने मोठे मासेही त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. निसर्गात तो अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळात जोडीने राहतो आणि जोडीदाराच्या गरजेनुसार नराची मादी किंवा मादीचा नरही होतो. फिजीतील गोबींवर 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, विषारी शैवाल प्रवाळाला भिडले की प्रवाळ रासायनिक संकेत सोडते व गोबी काही मिनिटांत येऊन ते शैवाल कुरतडू लागतो. भाडेकरू घराची इतकी निगा राखतो, हे ऐकून इंदूरचे घरमालक हळहळतात.

अडचण अशी, की भारतात सर्व दगडी प्रवाळांना 2001 साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घालून वाघाच्या पंक्तीला बसवण्यात आले, त्यामुळे आपल्या समुद्रातील अ‍ॅक्रोपोरा तोडून विकणे गुन्हा आहे. कायदाभीरू समुद्रपालक म्हणून रेझिनची, म्हणजे कृत्रिम राळेची, फांदी पेटीत रोवतो. मासा तिच्याकडे ढुंकूनही न पाहता, पोटाखालच्या जोडपरांच्या चकतीने पंपाच्या नळीला चिकटून दिवसच्या दिवस बसतो. यालाच समुद्रपालक ‘मासा रुळला’ असे म्हणतो.

रविवारी सकाळी पोहे-जिलेबीला बोलावलेल्या पाहुण्यास आधी पेटीपुढे उभे केले जाते. अशा प्रसंगी मासा दिसला नाही तरी सुज्ञ वाचकाने ‘वा, काय पिवळा आहे!’ असे म्हणून मोकळे व्हावे. अन्यथा पंप बंद करून, टॉर्च घेऊन शोध सुरू होतो आणि पोहे गार होतात.