बग पेरावा कसा?

बिनचूक प्रोग्राम लिहिणाऱ्याला ऑफिसात कुणी ओळखत नाही. रात्री अकराला ज्याची आठवण होते, तो बगवाला. तेव्हा नवोदितांनी बग पेरायला लवकर शिकावे. त्यासाठी अवघड अल्गोरिदम लागत नाहीत. डेटा टाइपकडे काणाडोळा केला की भागते.

कशालाही डोळे झाकून इंट द्यावा. जावाच्या इंटमध्ये २१४७४८३६४७ पर्यंतच आकडा मावतो. वर एक मिळवला की उत्तर थेट उणे २१४७४८३६४८, आणि जावा हूं की चूं करत नाही. मोठी स्वप्ने असतील तर ४ जून १९९६चे एरियान-५ अभ्यासावे. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली आणि मिनिटभरात रॉकेटचा चुराडा झाला. अर्थात एवढे बजेट सगळ्यांना कुठून मिळणार!

पैसे फ्लोटमध्येच ठेवावेत. ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४. पुढचे ऑडिटर बघून घेईल.

खरा मळा मात्र स्ट्रिंगचा. फॉर्ममधून आलेला आकडा ही स्ट्रिंग असते हे विसरून जावास्क्रिप्टमध्ये बेधडक हिशेब करावा. पाचात तीन मिळवले की ५३, पाचातून तीन वजा केले की २. अधिक दिसले की जावास्क्रिप्ट चिकटवते, उणे दिसले की तिला गणित आठवते. फॉर्ममध्ये कुणी देवनागरी ५ टाकला आणि त्यातून तीन वजा केले, तर उत्तर येते नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. या नॅनचा टाइप विचारावा. ती म्हणते, नंबर! पायथन अशा बेरजेला टाइपएरर देऊन जागीच अडवतो, म्हणून या कामी कुचकामी. तरी त्यालाही वश करता येते: ‘फॉल्स’ हा शब्द अवतरणात घालून बूलकडे द्यावा, उत्तर ट्रू. स्ट्रिंग रिकामी नाही ना, मग खरी.

आता मराठी शेतकीचे खास वाण. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर; पायथनच्या मोजणीत सहा. स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा खूण, र आणि वेलांटी. म्हणून नावाच्या रकान्याला दहाची मर्यादा घालावी. तिथे ज्ञानेश्वर नेमके बसतात. ज्ञानेश्वरी अकरा भरते, शेवटची वेलांटी बाहेर पडते, आणि रेशनकार्डावर बाईंचे बुवा होतात.